तोंडात काही नसताना

६ फेब्रुवारी

आज प्रमुखबाईंनी जाहीर केलं की उद्यापासून खरं काम सुरू. म्हणजे गेलं वर्षभर आम्ही काय माशा मारत होतो? यांना आम्ही आपसात दुर्बीण म्हणतो. दहा वर्षांनी काय होणार ते यांना लख्ख दिसतं, समोरच्या टेबलावरचा स्वतःचा चष्मा दिसत नाही.

काम असं आहे. काही औषधं फार दिवस पोटात गेली की तोंड आपोआप हलायला लागतं. जबडा चघळतो, ओठ मुडपतात, जीभ वळवळते, आणि हे सगळं तोंडात काही नसताना. माणसांचं होतं तसंच उंदरांचंही होतं. आमच्या उंदरांना तसलं औषध देऊन झालंय आणि ते सगळे आता नुसतेच चघळत बसलेत. उद्यापासून अर्ध्यांना आमचं नवं संयुग मिळणार, त-सतरा. उरलेल्यांना साधं पाणी. कोणाला काय मिळतंय हे बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही, आमच्या भाषेत बघणारा आंधळा हवा. बघणारे दोन, मी आणि मोजपट्टी. मोजपट्टी म्हणजे माझा सहकारी, निवृत्तीला टेकलेला, पोट पुढे, आणि दिसेल ते मोजायची खोड. काचेसमोर बसायचं, हातात छोटं काउंटर, उंदराने रिकामं चघळलं की अंगठ्याने खट्. दाणा, भुसा, स्वतःची शेपटी, काहीही तोंडात असेल तर ते धरायचं नाही. आमचा पहिला नियमच तो, आधी तोंड रिकामं आहे का बघा.

नवऱ्याला म्हटलं, आता बघ माझं कसं नाव होतं. तो म्हणाला, "उंदीर चघळतात हे मोजून?" कपाळाला हात लावला मी.

९ फेब्रुवारी

बाबा पुन्हा सुरू झालेत. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. या माणसाने उभा जन्म रेडिओवर बातम्या वाचल्या. एकेक शब्द खणखणीत, कुठे अडखळणं नाही. आणि हल्ली मी जेवायला वाढलं की हा माणूस तोंडातल्या तोंडात पुटपुटतो!

"बाबा, काही म्हणालात?"

"नाही गं."

आणि मी पाठ वळवायच्या आत पुन्हा ओठ हलायला लागतात. मला ऐकू येऊ नये इतकंच बोलायचं, पण मला दिसेल इतके ओठ हलवायचे. अहो, काय साधलंय त्यांना! नवरा म्हणतो तुझा भास. वा रे वा. दिवसभर तोंडं बघायचा पगार घेते मी, आणि घरी येऊन मला तोंडांचे भास होतात?

१३ फेब्रुवारी

आज पाहुणे आले होते प्रयोगशाळा बघायला. दुर्बीणबाईंनी मला पुढे केलं. मी छान बोलले, माझं मलाच कौतुक वाटलं. म्हटलं, "हा त्रास फार लपून येतो. फक्त मनाच्या आजारांवरच्या औषधांनीच होतो असं नाही, मळमळीवरच्या काही साध्या गोळ्यांनीसुद्धा होतो. लोक त्या वर्षानुवर्षं घेतात, घरच्यांच्या लक्षातही येत नाही." एका पाहुण्याने विचारलं, "घरच्यांच्या लक्षात कसं येत नाही?" मी म्हटलं, "बघायची नजर लागते. आमची ती तयार झालेली असते." मोजपट्टीने मान डोलावली. त्याने किती वेळा डोलावली ते त्यालाच ठाऊक.

त्या कौतुकाच्या नादात बाबांच्या मळमळीच्या गोळ्या आणायला विसरले. अर्ध्या रस्त्यातून परत फिरले आणि आणल्या. त्यांनी "थँक्यू सूनबाई" म्हटलं आणि लगेच काहीतरी पुटपुटले. म्हणजे थँक्यू मोठ्याने, आणि त्याच्या खालची ओळ मनात. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ऐकू आलं नव्हतंच म्हणा.

१७ फेब्रुवारी

आमचे आकडे जुळत नाहीत. एकच उंदीर, एकच वेळ, आणि मोजपट्टीचा आकडा माझ्यापेक्षा निम्मा. दुर्बीणबाई म्हणाल्या, "तुमच्यापैकी एक जण आंधळा आहे." मोजपट्टी म्हणाला, "बाई, नियमाप्रमाणे दोघंही आंधळेच असायला हवेत." बाईंना ते आवडलं नाही. त्यांनी फर्मान काढलं, उद्यापासून बघणाऱ्यांवर कॅमेरा. आम्ही उंदरांना बघणार, कॅमेरा आम्हाला बघणार, आणि कॅमेऱ्यातलं बघायला शेजारच्या विभागातली एक बाई येणार. तिला कोण बघणार, हे मी विचारलं नाही. नाहीतर तिच्यावरही कोणीतरी बसवलं असतं.

२१ फेब्रुवारी

अब्रू गेली. शेजारच्या बाईचा अहवाल आला. उंदरांना बघताना मीच चघळते! मला पत्ताही नाही. उंदराचा जबडा हलला की माझाही हलतो, आणि कधी कधी तर उंदीर थांबतो तरी माझं चालूच. सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर दाखवलं. मोजपट्टी लाजून दुसरीकडे बघत होता, पण त्याच्या खिशातून खट् खट् ऐकू येत होतं. मेला माझं मोजत होता!

मी माझाच चेहरा पडद्यावर बघून हादरले. मला वाटायचं, काम करताना मी गंभीर आणि हुशार दिसते.

उपाय निघाला. यापुढे बघणाऱ्याने दातांत पेन्सिल धरून बसायचं. जबडा हलू नये म्हणून. दुर्बीणबाईंनी स्वतः वाटल्या पेन्सिली. माझ्या आयुष्यात इतकं शिकून, इतक्या परीक्षा देऊन, हे दिवस यायचे होते.

२४ फेब्रुवारी

मला कळलं! बाबा पुटपुटत नाहीत. ते लपूनछपून काहीतरी खातात. दुपारी पेपर वाचत बसले होते, आवाज काही नाही, आणि गाल असा आतून फुगत होता. लिमलेटची गोळी. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, म्हणून चोरून. आधी का नाही सुचलं? अहो, आमचा पहिलाच नियम, तोंड रिकामं आहे का ते बघा. आणि मी आपली रिकामं धरून बसले होते.

ते आंघोळीला गेल्यावर कोटाचे खिसे तपासले. रुमाल, चष्म्याची दांडी, बसचं जुनं तिकीट. उशीखाली बघितलं. बुटात बघितलं. नवऱ्याने मला बुटात हात घातलेला बघितलं आणि म्हणाला, "तू ठीक आहेस ना?" त्याला म्हटलं, तू आपल्या बापाला विचार. तो म्हणाला, "काय विचारू? बूट कसा आहे?" याच्यापुढे मी हात टेकले.

गोळ्या सापडल्या नाहीत. म्हणजे पक्के मुरलेले आहेत.

२८ फेब्रुवारी

परवा मोजपट्टीला जेवायला बोलावलं होतं. त्याची बायको बाहेरगावी गेलीय, आणि पडद्यावरच्या प्रकारानंतर तो माझ्याशी बोलायला बिचकतो, म्हटलं मन मोकळं होईल. बाबांनी त्याच्यासाठी खास इस्त्रीचा शर्ट घातला. गप्पा छान चालल्या होत्या. बाबांनी जुन्या रेडिओचे किस्से सांगितले, कोणीतरी चालू बातम्यांत शिंकलं होतं तो सांगून मोजपट्टीला हसवून हसवून लोळवलं.

मग जेवताना ते सुरू झालं. टेबलाखालून खट्. खट्. खट् खट्. मोजपट्टीचा हात खिशात. घास घ्यायचा थांबला आणि बाबांच्या तोंडाकडे टक लावून बसला. त्याला स्वतःलाही कळत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते, अंगठाच आपला चालला होता त्याचा. मी पायाने ढोसलं तर म्हणाला, "काय झालं?" आणि पुन्हा खट्. लाज वाटली मला. पाहुण्याने दुसऱ्याच्या घरी जाऊन काय मोजावं? बाबांचे घास मोजत असणार, किती खाल्ले ते.

बाबांच्या मात्र लक्षात आलं. त्यांनी एकदा मोजपट्टीच्या खिशाकडे बघितलं, मग ओठांवर रुमाल धरला. थोड्या वेळाने अगदी बातम्यांच्या आवाजात विचारलं, "तुमच्या त्या उंदरांचं तोंड मग थांबतं का हो?"

मोजपट्टी म्हणाला, "अजून तरी नाही."

"आणि शेवटी त्यांचं काय करता?"

"शेवटी मेंदू काढून बघतो," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

बाबा म्हणाले, "असं." आणि उरलेलं ताट घेऊन आपल्या खोलीत गेले. तेव्हापासून खोलीतच जेवतात. विचारलं तर म्हणतात, टीव्हीचा आवाज होतो. टीव्ही बंदच असतो.

३ मार्च

आजचा प्रकार म्हणजे हद्द झाली. सकाळी चहा घेऊन गेले तर बाबा खुर्चीत बसलेत आणि दातांत पेन्सिल! आडवी, अगदी आम्ही धरतो तशी. मी नवऱ्याला पेन्सिलीचं सांगत होते ते यांनी ऐकलं असणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझी टिंगल करताय?"

त्यांनी घाईघाईने पेन्सिल काढली. "नाही गं, मी आपलं बघत होतो, उपयोग होतो का."

"कशाला उपयोग? तुम्हाला काय मोजायचंय? बाबा, तुम्हाला माझं काम हास्यास्पद वाटतं ना, मग तोंडावर सांगा. हे इतके दिवस पुटपुटणं, लपून गोळ्या चघळणं, माझ्या पाहुण्यासमोर ताट घेऊन उठून जाणं, कशासाठी?"

ते गप्प. आणि गप्प असताना त्यांचे ओठ हलत होते! मी कप ठेवला आणि दार आपटून निघाले. ऑफिसात दिवसभर पेन्सिल इतकी जोरात चावली की तिचे दोन तुकडे झाले. दुर्बीणबाईंनी दुसरी दिली.

५ मार्च

बाबांनी ताईंना फोन केला. ताई म्हणजे माझी नणंद, दुसऱ्या गावात असते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांना जिने झेपत नाहीत म्हणून तर ते आमच्याकडे आले. पुढच्या आठवड्यात ती न्यायला येणार. "थोडे दिवस जाऊन येतो," म्हणाले. थोडे दिवसवाल्यांनी हिवाळ्याचे कपडे बॅगेत भरले नसते.

खरं लिहायचं तर मला आधी हायसं वाटलं. मग नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हायसं वाटायचं थांबलं. तो म्हणाला, "तू म्हण ना त्यांना, राहा म्हणून." मी म्हटलं, "त्यांनी म्हणावं ना, काय पुटपुटतात ते." दोघंही अडून बसलोय. तेही जातील आणि मीही बरोबर ठरेन, अशी काहीतरी माझी अवस्था आहे.

८ मार्च

त-सतराचा निकाल लागला! कोणत्या उंदराला काय दिलं त्याचं बंद पाकीट उघडलं. संयुग मिळालेल्या उंदरांचं चघळणं जवळजवळ बंद. टाळ्या झाल्या. दुर्बीणबाईंच्या डोळ्यांत पाणी. मग मोजपट्टीने हळूच विचारलं, "बाई, पण ते झोपलेत का?"

झोपलेच होते. सगळे. त-सतरा घेतलं की उंदीर गाढ झोपतो, आणि झोपेत तोंड हलत नाही, हे कोणालाही माहीत आहे. दुर्बीणबाईंनी काचेवर दोनदा टकटक केलं. मग म्हणाल्या, "शांतता हासुद्धा एक परिणामच आहे." आता शांततेवर अहवाल लिहायचा आहे. वर्षभर आम्ही झोपेचं औषध शोधत होतो, तेही जागेपणी पेन्सिल चावत. आणि माझं नाव होणार होतं.

११ मार्च

आज लिहवत नाही, पण लिहिते.

कामावरून लवकर आले. बाबा बॅग आवरत होते, पाठमोरे. वळले तर गाल फुगलेला, जबडा चालू. मी म्हटलं आता जाताजाता तरी सोक्षमोक्ष लावते. म्हटलं, "बाबा, तोंड उघडा."

"का?"

"गोळी कुठली आहे ती बघू दे मला. एकदा उघडा, मग मी काही बोलणार नाही."

त्यांनी हातातला शर्ट बॅगेत ठेवला. मग पलंगावर बसले, शाळेतल्या मुलासारखे, आणि त्यांनी आ केला.

तोंड रिकामं होतं. जीभ एका जागी नव्हती. या बाजूला जायची, वळायची, बाहेर यायची, आत जायची. थांबतच नव्हती. उंदरांची जीभ इतकी नीट कधी दिसत नाही. पुस्तकांत लिहिलेलं असतं तसंच सगळं होतं, एकही गोष्ट कमी नव्हती. मला सगळे शब्द आठवले.

"मिटू का?" त्यांनी विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं. म्हटलं, "कधीपासून?"

"झालं की वर्ष दीड वर्ष. आधी ओठच व्हायचे नुसते." मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच विचित्र बोलतेय. "पण तुला माहीत नव्हतं? तू रोज हेच तर बघतेस. मला वाटलं तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार. तू काही बोलली नाहीस, म्हटलं उपाय नसेल. म्हणून बोलत नसेल पोरगी, उगाच मला वाईट वाटायला नको म्हणून."

मी तिथेच जमिनीवर बसले. ते म्हणाले, "अगं, काय झालं? उठ, फरशी गार आहे."

१२ मार्च

दुर्बीणबाईंना सुट्टी मागितली. कारण सांगितलं तर फोनवरच त्यांचा आवाज उजळला. "वय किती? गोळी किती वर्षं? इकडे आणाल का त्यांना?" मी म्हटलं, "बाई, ते माझे सासरे आहेत." त्या म्हणाल्या, "हो हो, नात्याचीही नोंद ठेवू." मी फोन ठेवून दिला.

डॉक्टरांकडे बाबा माझ्याबरोबर आले. रांगेत माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हे मेंदू तर काढणार नाहीत ना?" मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि समोरची बाई आम्हा दोघांना घाबरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

डॉक्टरांनी विचारलं, मळमळीची ही गोळी किती दिवस चालू आहे. मी म्हटलं, पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. "कधी?" सासूबाई गेल्या तेव्हा, तीन वर्षांपूर्वी. तेव्हा यांना अन्नच जायचं नाही, तोंडाशी घास आला की मळमळायचं. गोळीने दोन घास जाऊ लागले, म्हणून चालू राहिली. "आणून कोण देतं?" मी म्हटलं, मी. महिन्याच्या महिन्याला, न चुकता, अर्ध्या रस्त्यातून परत फिरूनसुद्धा.

गोळी हळूहळू बंद करायची. तोंड थांबेल की नाही, ते सांगता येत नाही म्हणाले. आधी वाढेलसुद्धा. यावर नवी औषधं आहेत, लागली तर देऊ. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "ऑफिसात असते." बाबांनी माझ्याकडे बघितलं, पण मला उघडं पाडलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्याने बाबांच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "मीही रोज समोर जेवतो की." त्याने माझी समजूत काढली की स्वतःची, काही कळलं नाही. मी बाबांना म्हटलं, माझं चुकलं, जाऊ नका. ते म्हणाले, "ताई येतेय ना आता, बघू." हे "बघू" मला रात्रभर टोचत राहिलं.

१४ मार्च

ताई आल्या. दारातूनच हाक, "बाबा, चला, खाली टॅक्सी थांबलीय!" आणि मग बाबा समोर आले आणि त्या थबकल्या. पायातली चप्पल काढायच्या आधी म्हणाल्या, "अगं बाई! हे काय झालं बाबांच्या तोंडाला?"

एका नजरेत. उंबऱ्यातून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरा बॅग उचलायला वाकला. मी भिंतीला टेकून उभी होते. म्हणायचं खूप होतं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार? गोळीचं, डॉक्टरांचं सगळं बाबांनीच ताईंना सांगितलं, थोडक्यात, बातमी सांगावी तसं. माझं नाव त्यात कुठेच आलं नाही. गोळी "घरात यायची," एवढंच म्हणाले.

ताई म्हणाल्या, "बरं, माझ्याकडे दाखवू चांगल्या डॉक्टरला. चला."

"मी नाही येत," बाबा म्हणाले.

"म्हणजे काय? फोनवर तर म्हणालात..."

"म्हणालो होतो. आता नाही येत." खणखणीत आवाज, शेजाऱ्यांनाही ऐकू गेला असेल. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिने इतके दिवस पगार घेऊन उंदरांचं बघितलं. आता थोडं माझं फुकट बघू दे."

नवरा फसकन हसला. ताईंना काही कळेना, त्या एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी स्वयंपाकघरात पळाले आणि नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं, ताईंना चहा केला, टॅक्सीवाल्याला खाली जाऊन परत पाठवलं, आणि वर येऊन हिवाळ्याचे कपडे कपाटात लावले.

दुपारी बाबा ताट घेऊन टेबलावर आले, माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. रुमाल आणला नव्हता. तोंड सारखं हलत होतं, एक घास तर बाहेर सांडला. मी बघत राहिले, आणि ते मला बघू देत होते.